वाटणीत अडकलेली फेरपालट

माझ्या दुकानात बियाणं घ्यायला येणाऱ्या माणसाला मी आधी एक प्रश्न विचारते. वाण कोणतं आणि किती एकरांसाठी, हे नंतर. आधी, "मागच्या साली त्या वावरात काय होतं?"

जुन्या गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. ती दुकानाची पायरी चढतानाच उत्तर देतात. नवी माणसं गोंधळतात आणि काही चिडतात. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "ताई, मी बियाणं घ्याले आलो, पोरगी पाहाले नाई आलो."

मी म्हटलं, "पोरगी पाहाले गेले असते तर घराणं विचारलं असतं ना? मग जमिनीच्या वेळेस काऊन लाजता?"

ते हसले, पण बियाणं समोरच्या दुकानातून घेऊन गेले. असं वीस-बावीस वर्षं चाललं आहे. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात आमचे हे बसतात. दोन्ही दुकानांच्या मध्ये दार आहे आणि ते उघडंच असतं. त्यांनी त्या दारातून मला कितीदा तरी विचारलं आहे, "आपण दुकान काढलं का शाळा?"

आमचं दुकान पुलगावच्या बाजारात आहे. सासऱ्यांचा खिळे, दोरखंड आणि पाइपांचा धंदा होता. मी कृषी शाखेची पदवी घेऊन लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी पहिल्याच वर्षी हिशेब केला, की सुनेची पदवी ट्रंकेत ठेवण्यापेक्षा परवान्याच्या रूपानं भिंतीवर लावावी. त्यांनी मला विचारलं नाही, पण निर्णय बरोबर होता. मला स्वयंपाकापेक्षा दुकान जास्त जमतं, हे घरातल्या सगळ्यांना लवकरच कळलं.

ज्यांचा शेतीशी संबंध भाजीच्या पिशवीपुरता आहे, त्यांच्यासाठी माझ्या प्रश्नाचं कारण सांगते. आमच्या भागात काळी जमीन आहे. पावसाळ्यात कपाशी, तूर, सोयाबीन. हिवाळ्यात चना, म्हणजे तुमचा हरभरा. कपाशीचं सोटमूळ खोल जातं. ती जूनमध्ये लावली की निदान डिसेंबरपर्यंत वावरात उभी असते आणि सगळा वेळ खात असते. सोयाबीन, चना, तूर यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, आणि पीक निघाल्यावर मुळं अन् पाला मागे राहिला तर त्यातलं थोडं पुढच्या पिकाला मिळतं. ज्वारीचं मूळ झुपक्यासारखं असतं, ते वरची माती मोकळी ठेवतं. प्रत्येक पिकाची खाण्याची जागा निराळी आणि मागे ठेवण्याची वस्तू निराळी.

दुसरी गोष्ट रोगांची. चन्याला मर नावाचा रोग होतो. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं बसून राहते. तिला दर हिवाळ्यात चना मिळाला तर ती वाढते, मिळाला नाही तर हळूहळू कमी होते. सोयाबीनची मूळकूज आणि कपाशीची बोंडअळी यांचंही थोडंफार असंच. म्हणून पिकं फिरवायची. फेरपालट म्हणजे जमिनीला सुट्टी नव्हे. दिवसभर पोळ्याच लाटणाऱ्या बाईचा खांदा भरून येतो; तिलाच मधे थोडा वेळ भाजी चिरायला बसवली तर ती न कुरकुरता दिवस काढते. जमिनीचं तसंच आहे.

हे सगळ्यांना माहीत असतं. मी काही नवीन सांगत नाही. प्रश्न माहीत असण्याचा नसतो, करण्याचा असतो, आणि करताना काय काय आडवं येतं ते मला दुकानात बसून कळलं.

लष्कराच्या डेपोतल्या भांडारातून निवृत्त झालेले एक काकाजी होते. त्यांनी शेत घेतलं, त्याचे चार चौकोन पाडले आणि प्रत्येकावर पत्र्याची पाटी लावली: एक, दोन, तीन, चार. दर साली पिकं एका आकड्यानं पुढे सरकवायची. फेरपालट इतकी काटेकोर मी कुठेच पाहिली नव्हती. फक्त तीन नंबरचा चौकोन चिबड होता, तिथे पाणी साचायचं. तिथे कपाशीची पाळी आली आणि ती उभ्या उभ्या पिवळी पडली. मी म्हटलं, "काकाजी, तीन नंबर वगळा." ते म्हणाले, "मंग चार नंबरवर अन्याय होईन." त्यांना पटवायला मला दोन हंगाम लागले.

दुसऱ्या एकाला मी ज्वारी पेरायला लावली. त्याच्या वावराला ज्वारीची खरंच गरज होती. पण आजूबाजूला कोसभर कोणाचीच ज्वारी नव्हती. त्यामुळे त्या भागातले सगळे पोपट आणि सगळी रानडुकरं त्याच्याच वावरात जेवायला आली. पूर्वी गावभर ज्वारी असायची तेव्हा पाखरं सगळ्यांकडे थोडं थोडं खायची. तो दुकानात येऊन एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्या पाहुण्यांचं जेवण झालं." तो पुढची पाच वर्षं माझ्याकडे आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण त्यातून एक धडा मिळाला: फेरपालट एकट्यानं करायची गोष्ट नाही. शेजारच्या वावरात काय आहे तेही पाहावं लागतं.

हा धडा मला वामनराव आणि दिगांबर यांच्या वेळी कामी आला.

वामनराव नाचणगावच्या पलीकडच्या एका खेड्यातले, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. एका ऑक्टोबरात ते कपाशीचं पान घेऊन आले. पान लालभडक झालं होतं. याला आम्ही लाल्या म्हणतो. झाडाला पोषण पुरत नाही तेव्हा बोंडं भरायच्या ऐन वेळी पानं लाल होतात आणि झाड थकून जातं.

"ताई, यंदाबी लालच," ते म्हणाले. "मागं दिलं होतं ते औषध द्या."

"मागच्या साली काय होतं वावरात?"

"पऱ्हाटी."

"त्याच्या मागच्या साली?"

"पऱ्हाटीच." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी मला समजावलं, "ताई, ते कपाशीचंच वावर हाय."

औषध मी दिलं. त्यानं त्या साली थोडा फरक पडतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. वावर कपाशीचं कसं असेल? वावर म्हणजे वावर.

महिन्या-दीड महिन्यानं एक दुसरा माणूस आला, वामनरावांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, बोलका. त्याच्या पिशवीत चन्याची वाळलेली झाडं होती. मी एक झाड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ होती. मर.

"मागच्या हिवाळ्यात काय होतं?"

"चनाच होता. पावसाळ्यात सोयाबीन, मंग चना. दरवर्षी तेच."

"दरवर्षी काऊन?"

"ते सोयाबीनचं वावर हाय ना, ताई."

हा दिगांबर. सोयाबीनही शेंगेचं आणि चनाही शेंगेचा, म्हणून आपण जमिनीला देतच आहोत, अशी त्याची समजूत होती. देत होता हे खरं, पण रोगालाही दोन्ही वेळचं जेवण देत होता.

हे दोघं सख्खे भाऊ आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. दुकानासमोर एकाची मोटरसायकल दिसली तर दुसरा चहाच्या टपरीवर थांबतो आणि ती गेल्यावर येतो, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं. ते का, ते मला शांताबाईंनी सांगितलं. शांताबाई म्हणजे वामनरावांच्या पत्नी. गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी त्यांच्या हाताखाली असते. कोणाकडे किती बाया जातील हे त्या ठरवतात, त्यामुळे गावात त्यांच्याशी कोणी भांडत नाही. त्या संक्रांतीच्या आधी दुकानात आल्या होत्या.

"ताई, एक विचारू का? आमचं वावर मेलं का?"

"वावर मरत नाई. काऊन?"

"हे म्हणून राह्यले, का आता त्याच्यात दम नाई. प्लॉटवाला येऊन गेला. त्यानं बांबूबी गाडून ठेवले मोजणीचे. येत्या हंगामात नाई पिकलं तर देऊन टाकतो म्हणते."

वामनरावांचं वावर रस्त्याला लागून होतं आणि दिगांबरचं त्याच्या मागे. दिगांबरचे बैल, ट्रॅक्टर, सगळं भावाच्या वावराच्या कडेनं जायचं. पुढे घरं उठली तर मागच्याला वाट राहणार नव्हती, आणि वाट नसलेलं वावर पडेल त्या किमतीला जातं. म्हणजे एकानं विकलं की दुसऱ्यालाही विकावंच लागणार होतं.

मी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांच्या वेळेस काय पेरायचे?"

"सगळंच," शांताबाई म्हणाल्या. "मधातून फक्त एक काठी लावत. यंदा इकडे कापूस, तिकडे सोयाबीन. पुढच्या साली तिकडे कापूस अन् इकडे सोयाबीन. मधात एखाद्या साली जवारी."

"मग ते बंद कधी झालं?"

"वाटणी झाली तवा."

सासरे, म्हणजे या दोघांचे अण्णा, गेले त्या वर्षी भावांत वाजलं आणि दसऱ्याच्या सुमारास, पीक उभं असताना वाटणी झाली. त्या साली पुढच्या अर्ध्यात कपाशी होती आणि मागच्या अर्ध्यात सोयाबीन. पुढचा अर्धा थोरल्याला गेला, मागचा धाकट्याला. सामानही त्याच बेतानं वाटलं. कपाशी ज्याची त्याला फवारणीचे पंप आणि कापसाची बंडी. सोयाबीन ज्याची त्याला ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्र. वाटणी करणाऱ्यांना ते न्यायाचं वाटलं. पण पुढच्या जूनमध्ये दोघांनीही आपापल्या वावरात तेच पीक लावलं, त्याच्या पुढच्या जूनमध्येही तेच. वाटणी जमिनीची झाली होती, यांनी ती पिकांची करून घेतली होती. बापाचं इकडचं तिकडे फिरणारं चाक त्या दसऱ्याला जिथे होतं तिथेच थांबलं, आणि मधल्या काठीच्या जागी धुरा, म्हणजे मातीचा बांध, आला.

एवढं कळल्यावर मला बसवेना. रविवारी दुकान बंद असतं. मी कुदळ मागवली आणि शांताबाई अन् वामनरावांबरोबर त्या वावरात गेले.

वामनरावांच्या बाजूला पऱ्हाटी अजून उभी होती. वेचण्या संपल्या तरी पाणी देऊन आणखी चार बोंडं काढायची सवय आहे आमच्याकडे. तेवढे दिवस बोंडअळीलाही घर मिळतं. वावराच्या कडेनं प्लॉटवाल्याचे उंच बांबू रोवलेले होते, टोकाला लाल रंग दिलेले. धुऱ्यापलीकडे दिगांबरचा चना. त्यात मधे मधे वाळलेली ठिगळं. दिगांबर तिथेच होता. माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बैलाच्या पायात काहीतरी शोधू लागला.

मी आधी पऱ्हाटीत कुदळ मारली. माती ढेपळ्यांनी निघाली, विटेसारखी. मग धुऱ्यावर मारली. तिथे गवत होतं, दोन-तीन तुरी आपोआप उगवलेल्या होत्या. माती हातात भुगा झाली.

"भाऊ, हे दोन्ही तुमच्याच बापाच्या वावराचं ना?" मी वामनरावांना म्हटलं. "दोन हातांवर हाय. मग हे वावर मेलं आणि धुरा काऊन जिवंत हाय?"

वामनरावांनी भुगा बोटांत चोळला.

मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. "येत्या हंगामात तुम्ही सोयाबीन पेरा, मागून चना. आणि पलीकडे कपाशी जाऊ द्या."

"सोयाबीन काय मुठीनं फेकू?" वामनराव म्हणाले. "यंत्र कुठं हाय माह्याजवळ?"

बैलाजवळून आवाज आला, "ताई, मोठ्याले सांगा, यंत्र भाड्यानं भेटते."

"ताई, त्याले सांगा, पेरणीच्या दिवसात कोणी देत नाई भाड्यानं."

"ताई, मीबी कपाशी लावली तर वेचाले बाया कुठून आणू? सगळ्या बाया तिकडच्या घरात बसते."

शांताबाई म्हणाल्या, "भाऊजी, मी इथंच उभी हावो. ताईले कायले तरास देता?"

त्यावर दिगांबर पुन्हा बैलाकडे वळला. मी कुदळ उचलली आणि घरी आले. यांनी दारातून विचारलं, "शिकवलं का?" मी म्हटलं, "हजेरी झाली."

यात कोणी मूर्ख नव्हता, हे सांगायला पाहिजे. दोघांनाही पटलं होतं. पण एकानंच पीक बदललं असतं तर तो फसला असता. दिगांबरनं कपाशी लावावी आणि थोरल्यानंही कपाशीच ठेवावी, तर शांताबाईंची टोळी आधी घरच्या वावरात जाणार. वामनरावांनी सोयाबीन घ्यावं आणि धाकट्याचं यंत्र त्याच्याच वावरात अडकून पडलं असेल, तर पेरणीची वेळ जाणार. दोघांना एकाच वेळी बदलायला पाहिजे होतं, आणि त्यासाठी एकमेकांना विचारावं लागलं असतं. ते होणार नव्हतं. मला माझा ज्वारीवाला आठवला.

जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुपारी वामनराव आले.

"ताई, सरकी द्या." सरकी म्हणजे कपाशीचं बी.

"तुम्हाला सरकी नाई."

त्यांनी माझ्या मागच्या फळीकडे पाहिलं. "मंग ते काय ठेवलं?"

"ते तुमच्यासाठी नाई. तुमच्यासाठी हे सोयाबीन काढून ठेवलं."

"ताई, गिऱ्हाईक चालू हाय, मज्जाक नका करू."

"मज्जाक नाई. दिगांबर सरकी घेऊन गेला. आता तुम्हीही तेच लावसान तर दोघांचीही माती होईन."

ते थबकले. "त्यानं सरकी नेली?"

"नेली."

ते बाहेर गेले. मला वाटलं, समोरच्या दुकानात जातील. समोरच्यानं खुर्चीही पुढे सरकवली होती. पण ते आमच्याच पायरीवर बसले, तंबाखू मळली, खाल्ली आणि आत येऊन म्हणाले, "काढा ते सोयाबीन. उगवण पाहून देजा."

दिगांबर तासाभरानं आला. त्यानं सोयाबीन मागितलं. मी म्हटलं, "ते वामनराव घेऊन गेले. तुझ्यासाठी सरकी ठेवली आहे."

"मोठ्यानं सोयाबीन नेलं? खरंच?"

"बाहेर विचार. साऱ्यांनी पाहिलं."

त्यानं सरकी घेतली. वामनरावांना मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं हे मला मान्य आहे. तासाभरानं ते खरं झालं. दुकानदारीत इतकं चालतं.

बियाणं घरी गेलं तरी काम व्हायचं होतं. सोयाबीन यंत्रानं पेरतात आणि सरकी हातानं डोबतात, म्हणजे एकेक बी मातीत टोचतात. म्हणजे यंत्र दिगांबरकडे पण पेरायला काही नाही, आणि बाया शांताबाईंकडे पण डोबायला सरकी नाही. पाऊस चांगला झाला. माती ना चिखल ना कोरडी, अशी झाली की तिला वाफसा म्हणतात. तो दोन-तीन दिवस टिकतो आणि तेवढ्यात पेरणी साधावी लागते. त्या दिवसांत मी दुकान सोडू शकत नाही, म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही. शांताबाईंनी सांगितलं तसं लिहिते.

वाफसा आला त्या सकाळी शांताबाई सगळ्या बाया घेऊन धुऱ्यावर जाऊन बसल्या. दिगांबर सरकीची पिशवी घेऊन उभा.

"वहिनी, सुरू करा ना. ऊन चढून राह्यलं."

"करतो ना. आधी यंत्र धुऱ्याच्या अलीकडे येऊ दे."

"मोठ्यानं म्हटलं तर आणतो."

"ते म्हणत नाई. तुमच्या अण्णानं तुम्हा दोघांले तोंड देलं पण बोलाचं शिकवलं नाई. मी म्हणून राह्यली. आणता का बाया उठवू?"

बायांनी विळे आणि डबे गोळा करायला सुरुवात केली. तेवढ्या बाया त्या दिवसात दुसरीकडून मिळणं शक्य नव्हतं. दिगांबरनं ट्रॅक्टर आणला. धुऱ्यावरून चढवताना धुरा एका जागी चेपला. तो अजून तसाच आहे, कोणी भरलेला नाही.

पेरणी यंत्र चालत असताना मागून एकाला चालावंच लागतं. नळीत माती भरली तर बी पडत नाही आणि पुढच्याला ते कळत नाही. सोयाबीन वामनरावांचं, म्हणून मागे वामनराव. थोरला भाऊ धाकट्याच्या ट्रॅक्टरमागे सकाळभर चालला. मग वामनराव ओरडले, "थांब. नळी बुजली."

वाटणी झाल्यापासून भावाला म्हटलेले त्यांचे हे पहिले शब्द.

दिगांबरनं ट्रॅक्टर थांबवला, उतरला, काडीनं नळी मोकळी केली. "किती तास गेलं रिकामं?" त्यानं विचारलं. तास म्हणजे पेरणीची ओळ. वामनरावांनी हातानं दाखवलं, इथपासून इथपर्यंत. ट्रॅक्टर तेवढा मागे घेतला आणि ते तास परत पेरलं. धुऱ्यापलीकडे शांताबाईंनी तोवर अर्धं वावर डोबून टाकलं होतं.

एका हंगामात जमीन सुधारते असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. मी तर विकतेच, तरी तसं सांगत नाही. त्या साली पाऊसही बरा होता. पण वामनरावांच्या वावरात सोयाबीनला मूळकूज जवळपास दिसली नाही, कारण त्या मातीला सोयाबीन कित्येक वर्षांत भेटलंच नव्हतं. दिगांबरची कपाशी दिवाळीपर्यंत हिरवी राहिली. ऑक्टोबरात वामनराव सवयीनं दुकानात आले, उभे राहिले आणि म्हणाले, "औषध नाई पाहिजे. असाच आलो." असं गिऱ्हाईक मला आवडतं, कितीही तोट्याचं असलं तरी.

सोयाबीन सोंगल्यावर, म्हणजे कापून झाल्यावर, त्यांनी त्याच वावरात चना पेरला. फुलावर आला तेव्हा घाटेअळीचं विचारायला आले. ही अळी चन्याचे घाटे, म्हणजे शेंगा, पोखरते. मी म्हटलं, फवारणी नंतर पाहू, आधी वावरात पक्ष्यांना बसायला काठ्या उभ्या करा, आडवी दांडी बांधून. कोतवाल पक्षी येऊन बसतो आणि अळ्या टिपतो. त्याला पगार लागत नाही.

"काठ्या हाय," वामनराव म्हणाले.

पंधरवड्यानं एका रविवारी मी पाहायला गेले. चना गुडघ्याएवढा दाट होता, वाळलेलं ठिगळ कुठे दिसलं नाही. आणि त्या हिरव्यात जागोजागी प्लॉटवाल्याचे बांबू उभे होते, वरच्या लाल टोकाखाली आडवी दांडी बांधलेले. जवळपास प्रत्येकावर एक काळा कोतवाल, शेपूट खाली सोडून, खाली लक्ष ठेवून.

"बांबूवाला आला नाई का?" मी विचारलं.

"आलता. म्हणे, बांबू वापस द्या." वामनरावांनी एक घाटा तोडून दाबून पाहिला. "म्हटलं, चना निघाल्यावर येजो."

"आला का मग?"

"आलता. तवा म्हटलं, आता पलीकडे लागते."

याला काही वर्षं झाली. दोघं भाऊ दिवाळीला अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत आणि जातील असं मला वाटत नाही. ते माझं कामही नाही. तिसऱ्या साली त्यांनी दोन्ही बाजूंना मिळून ज्वारी पेरली. शेजारच्या तिघांनाही पेरायला लावली, आणि पाखरांनी सगळ्यांकडे थोडं थोडं खाल्लं. माझा रुसलेला ज्वारीवाला ते पाहायला गेला आणि परत दुकानात यायला लागला. पण त्याच रस्त्यावरच्या दोन वावरांत आज घरं उभी आहेत. तिथल्या मालकांनाही मी औषधं विकली होती. प्रश्नही विचारला होता. ते उत्तर देऊन निघून गेले, आणि मला कुदळ घेऊन जायला जमलं नाही.

जूनमध्ये वामनराव आणि दिगांबर अजूनही वेगवेगळे येतात. मोटरसायकल दिसली तर दुसरा टपरीवर थांबतो. पण आता मी विचारायच्या आधीच दोघं सांगतात, आणि आपलं नाही, दुसऱ्याचं सांगतात. "ताई, मागच्या साली मोठ्याकडे कपाशी होती, म्हणजे माह्याकडे आता ती."

बांबू वावरातच आहेत. लाल रंग उडाला आहे. दर हिवाळ्यात ते धुऱ्याच्या चेपलेल्या जागेतून, ज्या बाजूला चना असेल त्या बाजूला जातात.